पुढचं पडद्यावर

मुकुंदराव, गाण्यांची पुस्तकं खुशाल न्या. तुमच्यासारखा शौकीन माणूस ती जपेल. फक्त एक मी देणार नाही. का देणार नाही तेही सांगतो, कंदील जरा अलीकडं सरकवा. आणि एक मेहेरबानी करा, ऐकताना मध्येच 'मंग?' म्हणू नका.

सिनेमाचं वेड मला अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शनच्याही आधीपासूनचं. तहसील कचेरीत साधा कारकून मी, पण कपाळावर केसांची बट, सदऱ्याची कॉलर वर, आणि चालायचो असा की मागं कुणीतरी पेटी वाजवतंय. नटी रडली की मीही रडायचो. घरात पडलेल्या भांड्याला हात लावायचो नाही, आणि पडद्यावरच्या गरीब आईसाठी जीव टाकायचो. असले शौकीन आम्ही.

घरात मी आणि माझी थोरली बहीण शरयूअक्का, दोघंच. विसाव्या वर्षी कपाळ पुसून ती माझ्याकडं आली. तिनं टॉकीजची पायरी चढणं तेव्हा लोकांना चाललं नसतं. म्हणून मी बघायचो आणि घरी येऊन तिला सांगायचो. ती शेंगा फोडत ऐकायची. दाढ दुखायची म्हणून गालात सदा लवंग. मी दमलो की हळूच म्हणायची, "मंग?" मग मी पुन्हा सुरू.

टॉकीजच्या दारात दोन आण्याला मिळणारी ही पुस्तकं मी तिच्यासाठीच आणायचो. तुम्हाला ठाऊकच आहे, त्यात गोष्ट अर्ध्यावर सोडलेली असते आणि खाली छापलेलं असतं, 'आगे का हाल परदे पर देखिए'. अक्का त्या ओळीखाली पेन्सिलीनं शेवट लिहून ठेवायची, मी सांगितलेला. उघडून बघा, प्रत्येकात आहे. तिचा सिनेमा तेवढाच.

त्रेपन्न साली एक चित्र आलं. नवरा परमुलखात गेलेला, बायको दहा वर्षं नदीच्या घाटावर वाट बघते, देवीच्या रोगानं तिचा चेहरा पार बदलून जातो. पुस्तक वाचून अक्का पहिल्यांदाच म्हणाली, मला हे स्वतः बघायचंय. बायकांच्या बाजूला पडदा असतो, दार वेगळं असतं, कोण बघतंय मला? मी कबूल झालो. बुधवारी दुपारच्या खेळाला तू त्या दाराशी थांब, मी तिकीट आणून देतो, म्हणालो.

मी खिडकीशी पोचलो आणि मागं आमचे हेडक्लार्क काकासाहेब उभे. अक्का पलीकडं, उन्हात, पदर घट्ट ओढून. त्यांनी तिच्याकडं बघितलं आणि मला विचारलं, "त्या बाई तुमच्याकडं बघून राह्यल्यात. ओळखीच्या आहेत का?"

"न्हाई," मी म्हणालो.

एवढंच म्हणालो. एकच तिकीट घेतलं आणि त्यांच्याबरोबर आत गेलो. माझी लाज वाटते सांगायला, पण खरं ते खरं, आत गेल्यावर मी चित्र शेवटपर्यंत बघितलं. त्या बाईसाठी रडलोसुद्धा.

संध्याकाळी अक्कानं भाकरी वाढली. एका शब्दानं विचारलं नाही. शेंगांचं सूप पुढ्यात घेऊन नेहमीसारखी म्हणाली, सांग. मी सांगायला लागलो. नाव काठाला लागते, नवरा उठून उभा राहतो आणि मध्यंतर होतं, तिथवर आलो. पुढं जीभ उचलेना. बाकीचं उद्या, म्हणालो. ते उद्या रोजच पुढं गेलं. तिच्याकडं बघवत नव्हतं मला.

महिन्याभरात तिला ताप भरला. शेवटच्या दिवशी शुद्धीवर आली, तेव्हा पुटपुटली, "मंग? उतरला का तो?"

"तू बरी हो, मंग सांगतो."

ती बरी झाली नाही. तेराव्याला मी सगळी पुस्तकं तिच्या ट्रंकेत ठेवली. हे शेवटचं उघडून बघितलं होतं. छापील ओळीखालची जागा कोरी होती. ट्रंकेला कुलूप लावलं आणि किल्ली जानव्याला बांधली.

पुढच्या वैशाखात तेच चित्र पुन्हा लागलं. जायचं नाही असं घोकत होतो, आणि दुपारी जाऊन बसलो. उकाड्यानं पत्रे तडतडत होते, पुरुषांच्या बाजूला आम्ही सात-आठ जण. मध्यंतर झालं. नवरा नावेतून पाय उचलतो, आणि तिथंच रीळ तुटलं. अंधार झाला. वर ऑपरेटरची खुडबुड चालू होती. बिडीचा धूर होता, तापल्या पत्र्याचा वास होता... आणि त्यातून लवंगेचा वास आला.

शेजारी बायकांचा पडदा. त्याच्या पलीकडं शेंग फुटली. मग दुसरी.

"मंग?"

अगदी हळू. दमलेल्या माणसाला विचारावं तसं.

मी पडद्याला तोंड लावलं. आणि सांगितलं. अक्का, तो उतरला... तिचा चेहरा बदलला होता, तरी त्यानं तिला ओळखलं... हात धरून घरी नेलं. सांगताना मला हुंदका आला. पलीकडं शेंगांचा आवाज थांबला. मला वाटलं, सुटलो.

खेळ संपल्यावर बायकांच्या दारावरच्या झुंबरबाईला विचारलं, आत कोण बसलं होतं?

"कुणीच न्हाई. इतक्या उन्हाचं कोण येतंय? कुलूपच काढलं न्हाई म्या." मग ती आपणहूनच म्हणाली, "मागच्या साली ह्याच खेळाला एक बाई आल्ती बघा. कपाळ मोकळं. आत चला म्हणलं तर म्हणे, भाऊ तिकीट आणून राह्यलाय. पार मध्यंतर होईस्तोवर उभी होती, बिचारी."

मी घरी आलो. जानव्याची किल्ली काढली, ट्रंक उघडली. पुस्तकं जशी ठेवली होती तशीच होती. शेवटचं उघडलं.

हे बघा. हात लावू नका, नुसतं बघा. ओळ उजवीकडं खाली उतरत जाते, ते तिचंच अक्षर. 'तो उतरला. ती दारात उन्हात उभी होती. त्यानं तिला ओळखलं नाही.'

मी तिला असा शेवट सांगितला नव्हता, मुकुंदराव. चित्रात दार नाही, ऊनही नाही, नदीचा घाट आहे.

सात वर्षं झाली. बाकीच्या पुस्तकांतली पेन्सिल पुसट होत चालली आहे, ही मात्र अजून गडद आहे. आणि खाली कोपऱ्यात एक शब्द आहे. तो पहिल्या दिवशी नव्हता, गेल्या दिवाळीत दिसला. कंदील जवळ आणा आणि वाचा, पण मनातल्या मनात.

'मंग?'