राहिलेली अर्धी फेरी

लिंबाची डहाळी आंबिलीत बुडवून हरभऱ्यावर झाडत सुधारानी निम्मं शेत फिरली होती, आणि मागून हाळी आली—

"ओलगे... ओलगे..."

ती जागीच थांबली. मागे वळून बघायचा धीर होईना. येळवशीच्या अमावास्येला सगळं हुलसूर गाव शेतात जेवायला येतं, आणि जेवणाआधी पिकाभोवती फेरी घालायची असते. ती दोघांनी मिळून. पुढच्यानं आंबील शिंपडायची, मागच्यानं हाळी द्यायची. लहानपणापासून पुढे अप्पा असायचे आणि मागे ती, ओरडून ओरडून घसा बसलेली. यंदा अप्पा नव्हते. डहाळी तिच्या हातात आली होती, आणि मागे कुणीच असायला नको होतं.

"थांबलाव कामून? हाळी चुकली का माझी?"

ती वळली. पस्तिशीच्या आतला एक माणूस, पँट पोटरीपर्यंत दुमडलेली, पाय अनवाणी. चेहऱ्यावर हसू नव्हतं, पण डोळ्यांत ते मावत नव्हतं.

"कोण तुमी?"

"चन्नवीर. दुबलगुंडीचा. इथल्या हायस्कुलात विज्ञान शिकवतो. आन् सुट्टीच्या दिशी ह्या शेताची राखण करतो."

"आमच्या शेताला राखणदार न्हाई."

"तुमच्या शेताला नसंल. हे माझ्या आत्याचं हाय, चंद्रम्माचं." त्यानं हनुवटीनं पलीकडे दाखवलं. "तुमचं तिकडलं. एक बांध ओलांडायचा राहिला बगा तुमचा."

सुधारानीनं कडब्याच्या कोपीकडे पाहिलं. तिनं ज्यांना हळदकुंकू वाहिलं होतं, ते चुन्यानं रंगवलेले पाच दगडांचे पांडवही दुसऱ्याचेच.

"मग मघापासून बगत काय बसलाव? सांगायचं न्हाई व्हय?"

"आयतं शेत शिंपून मिळायलंय... कोण सांगंल?" तो म्हणाला. "आन् सिद्धराम अप्पा तर मनायचे, माझ्या लेकीचे डोळे बांधा, तरी ती आपल्याच शेतात जाऊन हुबी ऱ्हाईल."

बोलून झाल्यावर त्याला तिचा चेहरा दिसला.

तिची वाट चुकली नव्हती. पाय एक बांध आधीच वळले होते. भाद्रपदात अप्पांना रीतीप्रमाणे त्यांच्याच शेतात समाधी दिली होती. ओंजळभर काळी माती तिनंही टाकली होती. नंतर घरी येऊन तिनं तीनदा साबणानं हात धुतले, तरी नखांत ती माती आठ दिवस होती. त्यानंतर ती त्या शेतात गेली नव्हती. हैदराबादच्या कंपनीचं काम ती घरी बसून करायची. रात्री तीन-तीनपर्यंत डोळा लागायचा नाही, घास तोंडात फिरत राहायचा. बिदरच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. सगळ्या चांगल्या आल्या. हेच तिला जास्त वाईट वाटलं होतं.

"कुणाची गं पोरगी? सिद्धरामची? अगं मग हुबी काय?" चंद्रम्मानं हाताला धरून तिला कोपीपुढे बसवलंच. पत्रावळीवर वाटाणे-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, द्रोणात आंबील. सुधारानी नको नको म्हणत राहिली आणि दोन उंडे खाऊन बसली. वाऱ्यावर करडईची पिवळी फुलं हलत होती. समोर बसलेला चन्नवीर मान खाली घालून जेवत होता, आणि तिची नजर वळली की लगेच भज्जीत वाटाणे शोधायला लागायचा.

निघताना तो हळूच म्हणाला, "दिवस मावळायला येळ हाय. अप्पांच्या शेताची फेरी... मी येऊ का मागं?"

"नको," ती म्हणाली, आणि आंबिलीची बिंदगी उचलून घाईघाईनं घराकडे चालू लागली.

घरी तिची आई, चन्नव्वा, उंबऱ्यातच बसली होती. गुडघ्यांमुळे तिला शेतापर्यंत जाता येत नव्हतं.

"अप्पाला आंबील दिलीस?"

"व्हय, अव्वा."

आयुष्यात आईशी ती फार खोटं बोलली नव्हती. त्या रात्री, कित्येक महिन्यांनी, चन्नव्वा गाढ झोपली. तिच्या शांत श्वासाचा आवाज ऐकत सुधारानी मात्र जागी राहिली.

सकाळी दारात चन्नवीर उभा. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या चपला.

"आत्या मनली, तूच वापर. पण मला बसंनात."

ती काल अनवाणी घरी आली होती. तीन किलोमीटर. तिला कळलंही नव्हतं.

"काटा न्हाई रुतला?"

"न्हाई," ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली.

"अप्पा रोज सकाळी अनवाणी चालायचे. मला बी त्यांनीच लावलं. मी मनलं, अप्पा, ह्याला शास्त्रीय आधार काय? ते मनले, मास्तर, आधी चाल, आधार मागून येतोय." चपला तिच्या हातात देत तो थांबला. "उद्या साडेसहाला मी बांधावर आसतो. ह्या मात्र घरी ठेवून या."

"मी येते मनलं का?"

"मी तरी कुठं मनलं? मी आसतो, एवढंच मनलं."

ती गेली. पहिल्या दिवशी फक्त ओढ्यापर्यंत. दंव इतकं गार होतं की पावलं बधिर झाली, आणि मग हळूहळू त्यांच्यात ऊब आली. दुसऱ्या दिवशी चंद्रम्माच्या बांधापर्यंत. तो पुढे चल म्हणायचा नाही. ती थांबली की थांबायचा आणि उगाच काहीतरी दाखवायचा. तुरीच्या शेंगेवरची अळी, चंडोलाचं घरटं, मुंग्यांची रांग.

"तुमी वर्गात बी असंच शिकवताव का?"

"वर्गात पोरं माझ्याकडं बगतात. इथं तुमी मुंग्यांकडं बगायलाव."

तिनं मान फिरवली, पण हसू त्याला दिसलंच.

आठव्या दिवशी तो हरभऱ्यात एक धुतलेलं पांढरं फडकं पसरून बसला होता. उजाडायच्या आधी पानांवरची आंब, ते आंबट दंव, त्यात उतरते. दोघांनी दोन टोकं धरली आणि फडकं पिळलं. वाटीत थोडंसं धुरकट पाणी पडलं.

"पोटाला लई चांगली. अप्पा काढायचे. मनायचे, लेकीला पाठवायचीय, तिथं हॉटेलातलं खाती..."

सुधारानीच्या हातातलं टोक सुटलं. तीन वर्षांपूर्वी हैदराबादला बसवाल्याच्या हाती आलेली ती काचेची बाटली. अप्पांच्या वाकड्या अक्षरात चिकटवलेली चिठ्ठी, 'रोज एक चमचा'. ती बाटली महिनाभर फ्रिजमध्ये राहिली आणि मग घर झाडताना तिनं बेसिनमध्ये ओतून दिली. किती पहाटे लागल्या असतील तेवढ्या एका बाटलीला... आणि तेही त्या वयात.

ती खाली, ओल्या मातीतच बसली. भाद्रपदात न आलेलं रडू आता आलं. चन्नवीर तिच्याकडे पाठ करून उभा राहिला, तिला आडोसा करून, रस्त्यावरून कुणाला दिसू नये असा. बऱ्याच वेळानं त्यानं वळून न बघताच वाटी मागे केली. तिनं आंब जिभेला लावली. आंबट, खारट. डोळ्यांतल्या पाण्याहून फार वेगळी नव्हती.

त्या रात्री तिला साडेनऊलाच झोप लागली. सकाळी उठली तर भूक लागली होती, लहानपणी शाळेतून आल्यावर लागायची तशी. चुलीजवळ उभ्या उभ्याच तिनं शिळी भाकरी दह्यात कुस्करून खाल्ली. बरं वाटायला लागलं की आपण अप्पांना थोडं विसरायला लागलो, असं तिला आधी वाटायचं. ते उलटं होतं. शेतातून आली की ते तिला जास्त आठवायचे. नुसतं दुखायचं कमी.

संक्रांत चार दिवसांवर आली तेव्हा ती आईजवळ बसली.

"अव्वा, आंबील करतीस का?"

"येळवस होऊन तीन आठवडे झाले. आता कशाला?"

"त्या दिशी मी अप्पापर्यंत गेलेच न्हाई. खोटं बोलले तुला."

चन्नव्वा लसूण सोलत होती. तिचे हात थांबले नाहीत. "ठाऊक हाय. बिंदगी निम्मी भरलेली आली होती माघारी."

"मग... मग तू झोपलीस कशी इतकी शांत?"

"चंद्रम्माचा फोन आला होता. मनली, तुझ्या लेकीनं दोन उंडे खाल्ले." तिनं सोललेली पाकळी वाटीत टाकली. "तुझ्या अप्पाला तरी दुसरं काय पायजे होतं?"

दुसऱ्या दिवशी साडेसहाला सुधारानी बांधावर आली, ती डोक्यावर बिंदगी घेऊन. चन्नवीरनं बिंदगीकडे पाहिलं आणि तिच्या बरोबरीनं चालू लागला. चंद्रम्माचं शेत मागे पडलं. शेवटचा बांध ओलांडताना त्यानं हात पुढे केला, आणि तिनं तो धरला... उतरल्यावरही थोडा वेळ.

समाधीच्या कडेनं हरभऱ्याची पाच-सहा रोपं आपोआप उगवली होती. उशाशी हातभर उंच बेल होता, आणि त्याच्या आळ्यात ओल.

"पाणी कोण घालतंय ह्याला?"

"येता-जाता... घालतो मी."

"कवापासून?"

"भाद्रपदापासून."

तिनं समाधीपुढे आंबिलीचा द्रोण ठेवला आणि मातीवर तळवा टेकला. वरून गार होती, आत कोमट. या वेळी तिला हात धुवावेसे वाटले नाहीत.

मग उठून तिनं डहाळी बुडवली आणि चालू लागली. मागून हाळी आली, ऐन जानेवारीत, येळवस संपून गेल्यावर. रस्त्यावरून जाणारा दूधवाला गाडी थांबवून बघत राहिला. तुरीच्या कडेनं, करडईच्या कडेनं, विहिरीला वळसा घालून फेरी पुन्हा बेलापाशी आली. हाळी थांबली.

"आता कामून गप्प झालाव, मास्तर?"

"फेरी संपली," तो म्हणाला. बोलताना प्रथमच अडखळत होता. "आता उद्यापासून मी कुणाच्या मागं चालायचं... त्याचा विचार करायलो."

सुधारानीनं बिंदगीत डोकावून पाहिलं. तळाशी आंबील होती अजून. तिनं बिंदगी त्याच्या हातात दिली, वर डहाळी ठेवली.

"तुमच्या शेताची अर्धी फेरी ऱ्हायलीय. येळवशीपासून."

"व्हय," तो हळू म्हणाला. "मी दुसऱ्या कुणाला घालू दिली न्हाई."

"मग चला. आता पुढं तुमी."

"आन् हाळी?"

ती त्याच्या मागे, दोन पावलांवर जाऊन उभी राहिली. लहानपणी अप्पांच्या मागे राहायची तेवढ्याच अंतरावर.

"चला तर," ती म्हणाली, आणि तिनं घसा साफ केला.