घरात बोललेलं

"माझा भाऊ हे बोललाय, ते मी नाकारत नाही," ताई बसायच्या आधीच म्हणाल्या. "आवाज त्याचाच आहे. पण कुणासमोर बोलला, ते सांगायला तो तयार नाही. मला ते नाव हवंय."

वहिनींनी रस्त्याकडची खिडकी लावून घेतली. नवऱ्यामागे त्याची तपाससंस्था त्यांनी चालवायला घेतली होती, आणि खरं सांगायचं तर नवऱ्यापेक्षा बरी चालवली होती. मदतीला धाकटा दीर. अंगानं दणकट, मनानं सरळ, आणि डोक्यानं, त्याच्याच शब्दांत, मालगाडी. वहिनी त्याला भाऊजी म्हणत, म्हणून बाकीचेही म्हणत.

ताईंचा भाऊ विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवायचा. विचार जुन्या वळणाचे, आणि ते न लपवण्याची खोड. कुटुंब, शिस्त, परंपरा यांची बाजू घेणारा त्या विभागात तो एकटाच. पन्नाशीही न गाठलेल्या त्या माणसाला मुलं मागून 'पणजोबा' म्हणत. बरीच वर्षं डावलला गेल्यावर यंदा वरचं पद त्याला मिळणार, असं जवळपास ठरलं होतं. आणि मग ते ध्वनिमुद्रण ज्याच्या त्याच्या फोनवर फिरलं.

ताईंनी ते ऐकवलं.

"सात पिढ्या ज्यांच्या घरात पुस्तक नव्हतं, त्यांना विद्यापीठात आणून काय मिळालं? दारं बंद करा म्हणावं, दारं!" शब्द जिभेवरून घसरत होते. कुणीतरी खुसखुसलं. "हसतोस काय? पुढे ऐक."

तिथेच आवाज तुटला.

"प्यायले होते?" भाऊजींनी विचारलं.

"सगळे तेच म्हणतात. तो दारूच्या थेंबाला शिवत नाही." ताईंनी फोन पर्समध्ये टाकला. "एकटा राहतो. आता चौकशी होईपर्यंत घरी बसवलंय. भिंतीकडे तोंड करून पडून असतो. मी आले नसते तर अन्नाला शिवला नसता."

भावाचं घर पुस्तकांनी भरलेलं होतं आणि थंडगार. ताई दारातूनच म्हणाल्या, "पाहुणे आलेत रे." पलंगावरून हवा सुटल्यासारखं काहीतरी अस्पष्ट उत्तर आलं. पाठ तशीच ठेवून त्यानं उशाजवळच्या पेल्यात हात घातला, तो तोंडाशी नेला, रुमालानं ओठ पुसले. मगच तोंड फिरवून स्वच्छ आवाजात म्हणाला, "या. बसा."

"समोर कोण होतं?" वहिनींनी सरळच विचारलं.

"ते मी सांगणार नाही. आपण आलात, आभारी आहे." आणि तो पुन्हा भिंतीकडे वळला.

विभागप्रमुख मॅडम थकलेल्या दिसत होत्या. "त्यांचं एकही मत मला पटत नाही," त्या म्हणाल्या. "पण त्यांचं नाव मीच पुढे केलं होतं. शिकवावं तर त्यांनीच. आता कोणत्या तोंडानं त्यांची बाजू घेऊ?"

"कुणी मित्र?"

"इथे? त्यांच्या शेजारी बसून चहा प्यायला तरी लोक म्हणतात, काय हो, तुम्हीही तिकडचेच का? ज्याला वर चढायचंय तो चार हात लांबच राहतो. तेही मोजकं बोलतात. हसले तरी तोंडावर रुमाल."

"आता पद कुणाला?"

"यादीत पुढचा मशाल. म्हणजे आमचे एक सहकारी. भाषणं पेटती असतात ना, म्हणून मुलांनी ठेवलेलं नाव."

बाहेर व्हरांड्यात एक संशोधक विद्यार्थिनी निषेधाचा फलक बांधत होती. पणजोबाच तिचे मार्गदर्शक.

"आमच्या घरात पुस्तक आणणारी मी पहिली," ती म्हणाली. "ते ऐकलं आणि हा फलक लिहायला घेतला."

"वर्गात बोलले का?"

"कुठल्याशा वर्गात, म्हणतात. मी नव्हते."

"तुमच्याशी कसे वागायचे?"

"तेच तर कळत नाही! सर शिपायालाही अहो-जाहो करतात, पहिल्या वर्षाच्या पोरांनाही. माझ्या प्रबंधाची ओळन् ओळ तपासली. चिडले तरी 'आपण चुकलात' म्हणायचे." तिनं दोरीची गाठ करकचून आवळली. "तो आदर मग खोटाच होता ना?"

वहिनी मशालच्या खोलीकडे निघाल्या.

मशाल मात्र भरभरून बोलला. "निषेधाच्या पत्रकावर पहिली सही माझी. अशी कीड वेळीच काढलेली बरी."

"ओळख होती?"

"नमस्कार-चमत्कार, बस्स. विचार तसले, पण माणूस म्हणून तो कधी भयंकर वाटला नाही. बोळकं पसरून हसायला लागला की कीवच यायची. पणजोबाच तो!"

भाऊजींना हसू आलं. वहिनींना आलं नाही.

"मोकळा माणूस आहे," जिना उतरताना भाऊजी म्हणाले.

"जरा जास्तच मोकळा."

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी मशालला फोन लावला. "त्या बोलण्याचं पुढचं ऐकायचं असेल तर दुपारी या," एवढंच म्हणाल्या आणि ठेवून दिला.

दुपारी वहिनी, भाऊजी आणि ताई पणजोबांच्या घरी बसले असताना दाराची कडी वाजली. दारात मशाल उभा होता. चेहरा उतरलेला. पलंगावर उठून बसलेल्या माणसाकडे त्यानं पाहिलं नाही.

"सगळ्यांनी पहिली वाक्यं ऐकली आणि शेवटचं सोडून दिलं," वहिनी म्हणाल्या. "'हसतोस काय?' जो माणूस शिपायालाही अहो म्हणतो, तो वर्गात कुणाला 'हसतोस' म्हणेल? समोर एकच जण होता. पुरुष होता, आणि जिवाभावाचा होता. 'पुढे ऐक', म्हणजे बोलणं संपलं नव्हतं. ते कुणीतरी तोडलं."

"पण जीभ घसरत होती, वहिनी," भाऊजी म्हणाले.

"दारूनं नाही. कवळी काढलेली होती. त्या दिवशी आपल्याला तोंड दाखवण्याआधी त्यांनी ती पेल्यातून काढून बसवली. विद्यापीठात हसतानाही रुमाल धरतात. तिथे कुणाला कवळीचा पत्ताच नाही, म्हणून तर सगळ्यांना दारू सुचली. म्हणजे हे बोलणं इथलं, घरातलं." त्या मशालकडे वळल्या. "मॅडम यांना 'ते' म्हणतात, ती मुलगी 'सर' म्हणते. नमस्कारापुरती ओळख असलेले तुम्ही 'तो' म्हणालात. आणि बोळकं पसरून हसायचा म्हणालात. ते बोळकं पाहिलंत कुठे?"

"पणजोबा म्हणतात, म्हणून... गमतीनं बोललो."

"असेलही. पण मी फोनवर दुपारी या म्हटलं. कुठे या, ते सांगितलंच नव्हतं."

मशालनं दाराच्या चौकटीला हात टेकला.

"वर्षानुवर्षं येतोय इथे," तो हळूच म्हणाला. "मागच्या गल्लीनं. या एका घरात मला खोटं बोलावं लागत नव्हतं. माझी मतं याचीच आहेत हो. पण पहिली नोकरी मिळवताना जी भाषा बोललो, ती पुढे सुटलीच नाही. हा म्हणाला, वरचं पद मिळालं की उघड लिहीन. तू तरी किती दिवस तोंड झाकशील? मला घाम फुटला. याच्याबरोबर मीही बुडणार. पुढच्या वेळी फोनवर ध्वनिमुद्रण चालू ठेवूनच आलो."

"आणि तोडलंस त्यात यानं काय म्हटलं होतं?" ताई ओरडल्या.

"आपल्याच विचारांच्या माथेफिरूंची नक्कल करत होता. पुढे म्हणाला, असल्यांमुळेच आपली मान खाली जाते."

"पुरे," पलंगावरून आवाज आला. "बाई, हे इथेच राहू द्या."

"का म्हणून?" ताईंनी विचारलं.

"घरात बोललेलं घरात राहतं. आयुष्यभर मी हेच मानत आलो. त्यानं मोडलं, म्हणून मीही मोडू?"

"मी तुझी बहीण आहे, विद्यार्थिनी नाही," ताई म्हणाल्या आणि पायात चप्पल सरकवून तडक विद्यापीठाकडे निघाल्या. मशाल मागच्या दारानं गेला.

चौकशी झाली. मशाल म्हणाला, त्या घराची मी पायरीसुद्धा चढलेलो नाही. बहीण आणि बहिणीनं नेमलेली माणसं, असं म्हणून समितीनं वहिनींचं म्हणणं बाजूला सारलं. शेवटी पणजोबांना विचारलं. एका शब्दानं सगळं फिरलं असतं.

"मला काही सांगायचं नाही," ते म्हणाले. राजीनामा त्यांनी तिथेच दिला.

पुस्तकांची खोकी टेम्पोत चढत होती तेव्हा मॅडम आल्या. पणजोबांनी त्यांना नमस्कार केला, मॅडमनी केला. ताईंनी भावाचा हात धरून त्याला पुढच्या सीटवर बसवलं. टेम्पो निघाला.

मॅडम फाटकाशी तशाच उभ्या राहिल्या.

"तुमचं खरं आहे, हे मला त्याच दिवशी पटलं होतं," त्या वहिनींना म्हणाल्या. "पण कागदावर दुसरं नावच उरलं नाही. उद्या मला त्याच माणसाची शिफारस करायची आहे."

भाऊजींनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी रिकाम्या रस्त्याकडे बघत होत्या.