अठ्ठ्याण्णववर टेकलेला काटा

टक्... टक्...

माठावरचा पेला हलला असेल, असं मला वाटलं. भर दुपार होती. घरात मी आणि माझी पाच वर्षांची रुख्मी, दोघीच. वारा तर नावालाही नव्हता.

पेला जागच्या जागी होता.

ज्यांना पटणार नाही, त्यांनी खुशाल सोडून द्यावं. मी जे पाहिलं तेवढंच लिहिते. पोरीचा डोळा लागला की चार-चार ओळी. गाव मलकापूर. महाराष्ट्र होऊन तीन वर्षं झाली होती, त्या सालचा मे महिना.

यांना जाऊन सोळा दिवस झाले होते.

हे म्हणजे रुख्मीचे बाबा. नांदुऱ्याच्या रस्त्याला टिनाचं शेड टाकून मोटारी दुरुस्त करायचे. शेडमागे आमची खोली.

रोहिणखेडच्या वामनरावांची जुनी मोटार आली होती. राजूरच्या घाटात दुपारी बंद पडायची, दिवस कलला की आपोआप चालू व्हायची. हे म्हणाले, इंजिन जी हवा ओढतं तीच फार तापलेली असते. किती तापते ते आधी मोजू.

मुंबईहून एक मीटर मागवलं. पुढे फॅरनहाइटचे आकडे आणि काटा, मागे तांब्याची बारीक नळी, नळीच्या टोकाला हरभऱ्याच्या घाट्याएवढी पितळी बोंडी. बोंडीला जितकी गरमी लागेल, तितका काटा चढायचा.

वामनराव हसले. "काऊन बे मोतीराम, माह्या गाडीले ताप पाहाची कांडी लावून राह्यला काय?"

"हाव ना मालक. नाडी पाहून झाली, आता ताप पाहातो."

आधी बोंडी इंजिनाजवळ बसवली. काटा दीडशेच्या पार गेला. "हे हवेचं माप नाही, इंजिनाच्या अंगाचं हाय," म्हणत ती काढली. मग पुढे जाळीमागे, जिथून हवा आत शिरते त्या नळीच्या तोंडाशी बसवली. ऊन लागू नये, इंजिनाची झळही लागू नये, अशी.

आणि मग यांची परीक्षा. बोंडी मुठीत धरायची आणि वीस आकडे मोजायचे. माणसाच्या मुठीत काटा अठ्ठ्याण्णववर आला, तर मीटर खरं. बाहेर हवा एकशे बारा. म्हणजे मूठ धरली की काटा खाली यायचा.

रुख्मीला आकडे वाचता येत नव्हते. म्हणून यांनी माझ्या करंड्यातलं कुंकू घेऊन अठ्ठ्याण्णवच्या जागी काचेवर ठिपका लावला. मीटर आत सीटसमोर बसवलेलं. ती गाडीत बसून बघायची आणि ओरडायची, "बाबा, कुंकवाले टेकला!" मग हे येऊन नखानं काच वाजवायचे. टक्... टक्... काटा अडकला तर नाही ना, म्हणून.

"टळटळीत उन्हात काऊन करता?" मी म्हणायची. "सकाळी करा ना."

"येडी हायेस. सकाळी हवा अन् हात सारखेच. काटा हालतच नाही. दुपारचीच परीक्षा खरी."

त्या दुपारी मी पीठ मळत होते. बाहेरून यांचं मोजणं ऐकू येत होतं.

नऊ... दहा... अकरा...

पुढचा आकडा आलाच नाही.

मी पिठाच्या हातानं धावले. हे बोनेटवर वाकलेले, मूठ तशीच. अंग तव्यासारखं. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं. दिवसभर हवेची गरमी मोजणाऱ्या माणसाला स्वतःची कळली नाही.

संध्याकाळपर्यंत तो हात माझ्या हातात होता. तो कसकसा गार होत गेला, ते मला माहीत आहे.

तर सोळाव्या दिवशी तो आवाज आला. शेडमधून.

मी गेले. वामनरावांची मोटार अजून तिथंच होती. रुख्मी माझ्या आधीच सीटवर चढली होती.

"माय... कुंकवाले टेकला."

बाहेर लाही लाही होत होती. काटा अठ्ठ्याण्णववर होता.

मी पुढे जाऊन जाळीतून पाहिलं. बोंडी एकटीच. जवळ कुणी नाही.

आत रुख्मी मोजत होती. एकपासून नाही...

"बारा... तेरा... चौदा..."

वीस झाले. काटा हळूच वर गेला.

मला रडू आलं नाही. भीतीही वाटली नाही. घरात येऊन मी राहिलेल्या भाकरी थापल्या.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. मी दुपारची वाट पाहू लागले. सकाळीच केस विंचरून ठेवायची. कुणाला सांगितलं नाही. एकच धास्ती होती. गाडी जाईल, आणि गाडीबरोबर तो हातही जाईल.

वामनराव गाडी न्यायला आलेच. दारातच उभे राहिले.

"भाऊ," मी म्हटलं, "ते मीटर इथंच राहू द्या."

"राहू दे बाई. पाहणाराच नाही राह्यला, त मले काय कराचं ते?"

त्यांच्या ड्रायव्हरनं ते उतरवून दिलं. मी खोलीत दाराजवळच्या खुंटीला टांगलं. बोंडी खाली लोंबत राहिली.

त्या दुपारी टिनाखाली भट्टी झाली होती. मी आणि रुख्मी समोर बसलो.

टक्... टक्...

काटा उतरला. कुंकवाला टेकला. तो हात आला होता. गाडीबरोबर गेला नव्हता.

"बारा... तेरा..." रुख्मी मोजत गेली. वीस झाले.

काटा वर गेला नाही.

खाली सरकला... पंच्याण्णव.

नव्वद.

मी उठून बोंडी माझ्या मुठीत धरली. घट्ट. माझा हात घामेजलेला, गरम. काटा चढायला हवा होता.

ऐंशी...

किती वेळ तशी उभी होते, कोण जाणे. बोटं बधिर झाली. ठिपका वर राहिला, काटा त्याच्या खाली खाली.

रुख्मीनं माझा पदर ओढला.

"माय, तू धरला हाय ना... मंग बाबाचा हात थंडा काऊन होऊन राह्यला?"