तागुंतच्या घाटातलं विमान

दार लोटून घ्या आणि चहा ओता. बास्सूची गोष्ट आहे. खालच्या गल्लीतला, थंडीतही चुलीजवळ न बसणारा, तोच.

गेल्या हिवाळ्यात यनायरचं, आपल्या नव्या वर्षाचं, जेवण झालं, त्याच्या दुसऱ्या रात्रीची. डोंगरात त्याची आत्या एकटी राहते, तिच्याकडचा गॅस संपला होता. बास्सू आणि धाकटा अद्दी सिलिंडर नि पिठाचं पोतं व्हॅनमध्ये टाकून निघाले. बर्फ भुरभुरत होता, पण रस्ता पायाखालचा.

"दादा, तुझ्यापेक्षा आत्याचं खेचर बरी गाडी चालवेल," अद्दी वाटभर चिडवत होता.

तागुंतच्या घाटात, वळणावर, व्हॅन घसरली आणि कलंडली. बास्सूला नुसतं खरचटलं. अद्दीच्या मांडीचं हाड बाहेर आलं.

फोन कसाबसा लागला. मामा म्हणाला, "निघालोच आम्ही. मोठा जाळ कर. जाळ दिसेल तिथे येतो." तेवढ्यात फोन मेला.

बास्सूने अद्दीला ओढत खडकाच्या आडोशाला नेलं. सीटा फाडल्या, डिझेल ओतलं. जाळ चांगला उठला. बर्फ थांबला, आभाळ मोकळं झालं, थंडी मात्र चावायला लागली. अद्दीचे ओठ निळे पडले होते.

मग वरून आवाज आला. घरघर. मधेच अडखळणारी.

"हेलिकॉप्टर! अद्दी, अरे हेलिकॉप्टर पाठवलंय!"

"नाही दादा... आजी तोंडाने काढून दाखवायची, तो आवाज आहे हा. फ्रेंचांचं ते विमान."

ते तुम्हीही ऐकलंय. कापडी अंगाचं, एकावर एक पंखांचं. त्यातूनच टपाल जायचं. त्यातूनच, लाल क्रॉस रंगवून, त्यांचे जखमी जायचे. आणि त्यातूनच आपल्या गावांवर बॉम्ब पडायचे. जाळ दिसेल तिथे. शंभर वर्षं झाली.

"जखमींना नेणारं असेल रे," बास्सू काकुळतीला आला. "अंधारात काय कळतंय?"

"त्याने आपलं माणूस कधी नेलंय का? विझव."

"विझवला तर तू मरशील!"

"विझव, दादा..."

आवाज डोक्यावर आला. एक फेरी. दुसरी. आणखी खाली. पंखांच्या तारांची शीळ ऐकू यायला लागली. वर काहीच दिसेना. फक्त एकेक चांदणी झाकली जात होती.

इंजिन बंद पडलं.

शीळ... नुसती शीळ...

बास्सूने जाळावर बर्फ लोटला. दोन्ही हातांनी. अद्दीला पाठीवर घेतलं. धावला. पडला. त्याच्यावर पालथा झाला.

काही नाही. धमाका नाही. उजेड नाही.

"गेलं का रे?"

अद्दी बोलला नाही.

बास्सूने लायटर ओढला. भिजलेला. पुन्हा ओढला. पुन्हा... खाली रस्त्यावर टॉर्च फिरत होते. "बास्सू! जाळ कुठाय रे?" तो घसा फाटेस्तोवर ओरडला. वारा उलटा होता. टॉर्च पुढे निघून गेले.

उजाडल्यावर सापडले. अद्दी त्याच्या मिठीत लाकूड झाला होता.

बास्सूने विमानाचं सांगितलं, तशी मामाने त्याची गचांडी धरली. "जाळ का विझवलास? आजीच्या विमानाला भ्यालास? भाऊ मारलास रे, गाढवा!"

बास्सू खडकाकडे नुसतं बोट दाखवत राहिला.

सगळे तिकडे गेले. शेकोटी होती तिथे खड्डा होता. माणूस उभा मावेल एवढा. कडेची माती काळी, अजून कोमट. आणि भोवतालचा बर्फ... पांढराशुभ्र. त्यावर एक खडासुद्धा उडाला नव्हता.