फडक्याची वरची बाजू

"माय, फाडू नको!" सोनूनं आईच्या हातातलं पाणी गाळायचं फडकं घट्ट धरलं.

"सोड. गाळून काय झालं? तुझ्या आबांच्या पायाला पट्टी तरी होईल," जयवंताबाई म्हणाल्या.

ओसरीवर सोनूचे आबा, कारभारी, पाय लांब करून बसले होते. त्यांच्या घोट्यातून नारूचा पांढरा किडा दोऱ्यासारखा बाहेर येत होता. तो रोज थोडाथोडा काडीला गुंडाळायचा, तुटू द्यायचा नाही. पेरणी तोंडावर आली होती. वाटूरजवळच्या त्या गावात दर उन्हाळ्यात घरोघर असे पाय दिसत. निजाम सरकारच्या डॉक्टरनं बजावलं होतं, पायऱ्यांच्या बारवेचं पाणी फडक्यातून गाळून प्या. गावात ते फक्त जयवंताबाईंनी ऐकलं, आणि दोन वर्षं गाळूनही नारू आलाच. थोरले दीर रामराव येता-जाता म्हणत, "आमच्याकडं बिनगाळलेला नारू येतो, तुमच्याकडं गाळलेला!"

सोनूला काळजी होती ती धाकट्या धर्मराजची. तो नुकताच स्वतः वाटी घेऊन रांजणाकडे जाऊ लागला होता. तिनं आईकडून एका दिवसाची मुदत मागून घेतली.

सुट्टीला जालन्याहून मामेभाऊ भुजंग आला होता. मास्तरांनी दिलेलं भिंग त्याच्या खिशात होतं. शेजारचा मच्छिंद्र शेळ्या सोडून आला. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या काचेच्या पेल्यात त्यांनी बारवेचं पाणी आणलं आणि उन्हात धरलं. पाण्यात पांढरे कण झटके देत उड्या मारत होते.

भुजंगनं सांगितलं की हे बारीक प्राणी आहेत. नारूची पिल्लं त्यांच्या पोटात असतात. पाण्याबरोबर ती आपल्या पोटात जातात आणि वर्षभरानं पायातून नारू होऊन निघतात.

"मंग फडक्याला भोक असंल," मच्छिंद्र म्हणाला.

फडकं उजेडाला धरलं, भोक नव्हतं. तेच पाणी त्यांनी स्वतः गाळलं, तर पेला अगदी नितळ. म्हणजे डॉक्टर बरोबर होते. मग त्यांनी घरातल्या रांजणातलं पाणी काढलं. त्यात कण नाचत होते!

रामराव रोज सकाळी येऊन रांजणातलं पाणी पीत. तेच रांजणात काहीतरी टाकत असणार, असा मच्छिंद्रला संशय होता. दुसऱ्या दिवशी तिघं कडब्याच्या गंजीआड बसले. रामराव आले, पाणी प्याले, सोनूच्या आईला चिडवून गेले. रांजणात त्यांनी काहीच टाकलं नाही. मच्छिंद्र हिरमुसला. सोनू मात्र आईच्या हातांकडे बघत राहिली. जयवंताबाईंनी रांजणाच्या तोंडावर फडकं धरून घागर ओतली. दुसरी घागर उचलण्याआधी फडकं उलटं केलं.

सोनू पुढे आली. "माय, उलटं का केलंस?"

"वरच्या बाजूला घाण बसती ना. पिण्याच्या पाण्याला स्वच्छ बाजू लागावी."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. अडकलेले सगळे कण आता खालच्या बाजूला होते, आणि वरून येणारं पाणी त्यांना धुऊन थेट रांजणात नेत होतं!

पण हे सांगून रामराव ऐकणार नव्हते. संध्याकाळी ते ओसरीवर टेकले, तेव्हा सोनूनं अदबीनं पेला पुढे केला. तो ओठाला लागणार इतक्यात भुजंगनं भिंग धरलं. "काका, आधी यातून बघा."

रामराव बराच वेळ बघत राहिले. "हे काय नाचून राह्यलं?"

"तुम्ही रोज पिता तेच," मच्छिंद्र म्हणाला.

सोनूनं सगळं उलगडून सांगितलं. दुसरा पेला, सुलट फडक्यानं गाळलेल्या पाण्याचा, शेजारी ठेवला. जयवंताबाईंनी फडकं हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं. "म्हंजी म्याच पाजलं?"

"तू एकटीनं तर गाळलं," कारभारी शांतपणे म्हणाले. "डागदरानं गाळा म्हणून सांगितलं, फडकं कसं धरायचं ते न्हाई सांगितलं. ते आपल्या पोरांनी हुडकलं. शाब्बास!"

रामरावांनी पेला दूर सारला. आपल्या उपरण्याची घडी सोनूसमोर ठेवून ते म्हणाले की याचीही वरची बाजू ठरवून दे.

जयवंताबाईंनी लाल दोरा ओवला आणि दोन्ही कापडांच्या एकेका बाजूला टाके घातले. लाल दोरा नेहमी वर. मग रांजण रिकामा करून पाणी नव्यानं गाळलं. धर्मराज वाटी घेऊन आला. त्यांनी आधी पेला भरला, मावळत्या उजेडात फिरवून पाहिला, आणि मगच त्याच्या वाटीत ओतला.