मळ्याच्या पऱ्याचं संदर्भवर्ष

प्रयोगशाळेच्या शीतकपाटातून गाळाची नळी बाहेर काढताना डॉ. वृंदा गवस यांचे हात नेहमीपेक्षा जास्त जपून चालत होते. मनगटाएवढ्या जाडीच्या त्या पारदर्शक नळीत मळ्याच्या पऱ्यातल्या डोहाचा तळ उभा होता. खाली काळपट, मधे राखाडी, वर तपकिरी. याच डोहात त्या पोहायला शिकल्या होत्या. कोकणात ओढ्याला पऱ्या म्हणतात. त्यांच्या गावी तर नुसतं ‘पाण्यावर जातो’ म्हटलं की पुरे असायचं.

आता गावात कोणी नव्हतं. सुपारीच्या बागा ओस पडल्या, माणसं शहरात गेली, आणि पऱ्या झाडोऱ्यात बुडून गेला. शासनाने २०६७ साली आजारी ओढ्यांच्या पुनर्जीवनाचा कायदा केला, तेव्हा वृंदाताईंनी पहिला अर्ज मळ्याच्या पऱ्यासाठी करवून घेतला. ज्या ओढ्यावर उपचार होतील, तिथे राखणीसाठी मूळच्या कुटुंबांना परत राहता येणार होतं. त्यांचा थोरला भाऊ सदाशिव त्याच आशेवर होता. सत्तरी ओलांडलेला हा माणूस मुंबईच्या एका सदनिकेत बसून घराचे नकाशे काढत होता.

“संदर्भवर्ष तुम्ही आधीच ठरवलेलं दिसतंय, मॅडम,” सहकारी डॉ. फिरदौस मुकादम हसून म्हणाल्या.

“माझ्या लहानपणातलं कुठलंही धर. तळाचा दगड न् दगड दिसायचा. पाण्यात पाय सोडून बसलं की बारके मासे येऊन गुदगुल्या करायचे. आणि आता जाऊन बघ. शेवाळ, कुजका पाला, उभं राहायला जागा नाही.”

“गाळस्मृती काय म्हणते ते बघू.”

गाळस्मृतीचं तत्त्व साधं होतं. पाण्यात राहणारा किंवा नुसता उतरणारा प्रत्येक जीव काही ना काही मागे सोडतो. खवला, कात, त्वचेचा कण. त्यातले जनुकांचे तुकडे मातीला चिकटतात आणि दरवर्षीच्या गाळाखाली दबून टिकतात. थर वाचला की त्या वर्षी ओढ्यात कोण होतं ते कळतं. स्वच्छ, प्राणवायूने भरलेल्या पाण्यातच जगणारे नाजूक जीव जितके जास्त, तितका ओढा निरोगी. वाचता आलेल्या थरांतलं सर्वांत निरोगी वर्ष म्हणजे संदर्भवर्ष. ओढा त्या वर्षी होता तसा करायचा, आणि पुढे तसाच ठेवायचा.

वाचन पूर्ण झालं तेव्हा फिरदौसनी पडदा वृंदाताईंकडे वळवला.

“मॅडम, तुमच्या लहानपणीच्या थरांत जवळजवळ काहीच नाही. एकही नाजूक अळी नाही, खेकडा नाही. शेवाळसुद्धा नाही. आणि तांबं भरपूर आहे.”

वृंदाताईंना समजायला क्षणही लागला नाही. पोफळीवर फवारायचं मोरचूद, तांब्याचंच औषध. बाबा आणि शेजारपाजारचे सगळे फवारणीचे पंप डोहातच धुवायचे. पाणी नितळ होतं, कारण त्यात जगायला कोणी उरलं नव्हतं.

“आणि मासे?”

“गप्पी. डासांसाठी कुणी सोडले असतील. तग धरून होते बिचारे.”

“मग सर्वांत निरोगी वर्ष कुठलं?”

फिरदौसनी नळीच्या अगदी वरच्या टोकावर बोट ठेवलं. “हे. चालू वर्ष.”

म्हणजे पऱ्या आजारी नव्हताच. उपचार नाहीत, म्हणून राखण नाही, म्हणून परतणंही नाही. उलट असा ओढा कायद्याने निर्मनुष्य ठेवायचा होता. वृंदाताईंनी ठरवलेली साफसफाई झाली असती, तर त्यांनी तो दुसऱ्यांदा मारला असता.

फोनवर सांगणं त्यांना जमेना. चालू वर्षाची नोंद पुरी करणारा अंतिम जलनमुना घ्यायला जाताना त्या सदाशिवलाच बरोबर घेऊन गेल्या आणि डोहाच्या काठावर सगळं सांगितलं. तो काठीवर दोन्ही हात ठेवून ऐकत राहिला.

“आपण गेलो म्हणून हा बरा झाला,” तो शेवटी म्हणाला.

“मोरचूद थांबलं म्हणून, दादा.”

“ते आपल्याबरोबरच गेलं ना.” थोड्या वेळाने त्याने विचारलं, “ते गुदगुल्या करणारे मासे?”

“एकही नाही उरला. त्यांना खाणारे आले.”

“मग आता आहे तरी काय? दाखव मला.”

वृंदाताईंनी त्याचा हात धरून त्याला पाण्यात उतरवलं. एक दगड उलटा केला. खालच्या बाजूला वाळूचे कण जोडून केलेली इवली घरं चिकटली होती, आणि एका घरातून एक अळी डोकं काढून बघत होती. शेजारी चपट्या अंगाची दुसरी अळी दगडावरून सरकली. सदाशिव चष्मा पुसून पुसून बघत राहिला. अख्खं बालपण त्याने या पाण्यात काढलं होतं आणि यातलं एकही तोंड त्याच्या ओळखीचं नव्हतं.

“किती सुंदर घर बांधलंय गं,” तो म्हणाला. मग त्याने दगड त्यांच्या हातून घेतला आणि होता तसाच, होता तिथेच ठेवला.

निघताना वृंदाताईंनी डोहाच्या खालच्या अंगाला अंतिम नमुना भरून घेतला.

दोन दिवसांनी फिरदौस अंतिम अहवाल घेऊन आल्या. “सगळं जुळतंय. फक्त एक अडचण आहे. नमुन्यात माणसाच्या त्वचेच्या खुणा सापडल्यात. एक पुरुष, एक बाई, सख्खी भावंडं. तुम्ही उतरला होतात का पाण्यात?”

“उतरलो होतो.”

“मग ती नोंद काढून टाकते.”

वृंदाताईंनी अहवाल आपल्याकडे ओढला. “नियम काय आहे, फिरदौस?”

“संदर्भवर्षी ओढ्यात जे होतं, ते सगळं...” फिरदौस बोलता बोलता थबकल्या. “ते सगळं पुढेही तिथे असायला हवं. मॅडम, याचा अर्थ वर्षातून एकदा तरी तुम्हा दोघांना त्या पाण्यात उभं राहावं लागेल. कायद्याने.”

“दादाला मी सांगते,” वृंदाताई म्हणाल्या आणि फोनकडे वळल्या.