जेवायला येतो

दिवा राहू दे, पण ते मोबाईल खाली ठेवा बघू. खी-खी केलीत तर उठून जाईन. ही थाप नाही, माझ्या साडूवर बेतलेली गोष्ट आहे.

साडू बोटीच्या सहलीला गेला होता. बायको जाऊन आठ महिने झालेले, घरात भिंतींशी बोलायची वेळ आली होती बिचाऱ्यावर. लेकीनं हट्टानं तिकीट काढून दिलं. एका जुन्या बंदरात बोट दिवसभर थांबली. सगळे जोडीजोडीनं उतरले, हा एकटाच. चपलेचा अंगठा तुटला होता, म्हटलं नवा जोड घेऊन येऊ.

किल्ल्यामागं जुन्या गोदामांच्या गल्ल्या. दुकान काही सापडेना. सगळी दारं बंद, एकच उघडं होतं. आत एक बाई बसलेली. तिनं मान वर केली आणि म्हणाली, "आलात? दमलात ना? बसा."

परमुलखात ही बाई मराठी कशी बोलते, हे त्याला तेव्हा खटकलंसुद्धा नाही! अरे, इतक्या महिन्यांत "आलात?" असं कुणी विचारलंच नव्हतं त्याला. बसला. पाणी प्यायला. पोटभर बोलला. मग बोटीचा भोंगा झाला. हा उठला आणि आपण म्हणतो तसं सवयीनं म्हणाला, "बरंय, येतो."

"कधी?" तिनं विचारलं.

आता 'येतो'ला कुणी 'कधी' विचारतं का? त्याला हसू आलं. थट्टेनं म्हणाला, "रात्री जेवायलाच येतो की!" आणि धावत सुटला.

बोट निघाली. शनिवारची रात्र, दीड वाजून गेलेला. चहूकडे नुसतं पाणी.

त्याच्या केबिनच्या दारावर टकटक.

"अहो... पानं वाढलीत."

हा ताडकन उठून बसला. तोच आवाज... उठला, हात दाराच्या मुठीवर गेला. घाबरला तर होताच. पण दार उघडावंसंही वाटत होतं रे त्याला! हे त्यानंच रडत रडत सांगितलंय मला.

"निवतंय हो..."

हात मुठीवर तसाच राहिला. मग टकटक नाही. पावलं नाहीत. काहीच नाही...

उजाडल्यावर त्यानं दार उघडलं. उंबऱ्याशी दोन ताटं. झाकलेली, बाहेरून ओलीचिंब. त्यानं झाकणं काढली. एक त्याचं, हे कळलं. दुसरं तिचं असणार.

त्यातलाही तुकडा मोडलेला नव्हता.